‘पाहू’ म्हणजे नाही, हे तिला कोण सांगणार?

न्यू जर्सीच्या एका ताईंनी लिहिलं आहे: “दिवाळीत गावी, वरूडकडे गेलो होतो. सासऱ्यांनी त्यांच्या मित्राची मुलगी आमच्या मुलाला (वय २७) दाखवली. त्याच्या मनात नाही, पण आजोबांचा मान म्हणून तो ‘पाहू’ म्हणाला. ती अजून मेसेज करते, हा गोड उत्तरं देतो. स्पष्ट नाही म्हटलं तर उद्धट दिसेल का?”

ताई, पुण्याकडचे ‘बघू’ म्हणतात, आपण वऱ्हाडात ‘पाहू’. दोन म्हाताऱ्यांच्या बोलण्यात त्या ‘पाहू’चा अर्थ बहुतेक वेळा नाहीच असतो आणि तो दोघांनाही कळतो. पण तुमचा मुलगा रोज तिला ‘जेवलीस का’ विचारत असेल, तर तिनं तो अर्थ का लावावा? तिच्या जागी मीही ‘हो’च समजून बसलो असतो.

आणि तिकडे वाट पाहण्याची किंमत पडते. चातुर्मासात लग्नं नाहीत, पौषात नाहीत. कापूस विकून हाती पैसा आला की माघापासून जेठापर्यंत बाप लग्न उरकायला पाहतो, पुढे पेरणी. “तिचं अमेरिकेत बोलणं चालू हाय” असं गावात झालं की दुसरं स्थळ येत नाही. माझ्या बहिणीचा एक अख्खा उन्हाळा एका घरानं ‘कळवतो’ म्हणत असाच घालवला. माय रोज फोनपाशी बसायची. नकाराचा राग आम्हाला कधी आला नाही, त्या उन्हाळ्याचा अजून आहे.

म्हणून मुलानंच बोलावं, आधी तिच्याशी, आणि मेसेजवर नाही. “मले हे लग्न कराचं नाही. दिवाळीतच सांगायला पाहिजे होतं, माह्यं चुकलं.” एवढं पुरे. कारणं रचू नका. पत्रिका जुळत नाही, मंगळ आहे, हे तर मुळीच नको. तुमची सुटका होते, पण तो मंगळ तिच्या नावाला चिकटून पुढच्या स्थळापर्यंत जातो.

मग लगेच आजोबांना सांगावं. मित्राच्या तोंडून कळण्याची पाळी त्यांच्यावर येऊ नये. मुलीच्या वडिलांना मात्र त्यांनीच घरी जाऊन सांगावं. मान राखायचा तो तिथं राखला जातो.

पौष संपत आलाय. या रविवारी तुमच्याकडे सकाळी साडेआठला फोन लावला तर तिकडे संध्याकाळचे सात वाजलेले असतील, माणसं वावरातून घरी आलेली असतील. तो बोलत असताना तुम्ही दुसऱ्या खोलीत बसा.