फुलं तर सगळीकडे असतात, मग परिसर बदलल्यावर रानमधमाश्या कमी का होतात?

नुसती फुलं असून भागत नाही, घरही लागतं. जगात मधमाश्यांच्या २०,००० हून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक एकट्या राहतात. ना पोळं, ना राणी, ना मध! बऱ्याचशा जमिनीत बीळ करून अंडी घालतात, त्यामुळे त्यांना न नांगरलेली, उघडी माती हवी असते. बांध सपाट केला की शेजारी कितीही फुललेलं असो, त्या बेघर होतात.

दुसरी अडचण अंतराची. लहान जातींची माशी घरट्यापासून काहीशे मीटरच उडते. सूर्यफुलाचं अफाट शेत तिला दोन-तीन आठवडे मेजवानी देतं, पुढे उपासमार. म्हणून परिसर चांगला की वाईट, हे ठरवताना मी हिरवळ बघणार नाही. हंगामभर काहीतरी फुलतंय का आणि घरट्याची जागा जवळ आहे का, हे बघेन.

त्यात तापमानवाढ. काही ठिकाणी फुलं आधी येतात, माशी नंतर. थंडीला सरावलेल्या बंबलबी या केसाळ रानमाश्यांचा युरोप आणि उत्तर अमेरिकेतला दक्षिणेकडचा मुलूख आक्रसला, पण त्या प्रमाणात उत्तरेला त्या सरकल्या नाहीत. कीटकनाशकं आहेतच, युरोपीय संघाने २०१८ मध्ये निओनिकोटिनॉइड गटातल्या तीन कीटकनाशकांचा उघड्या शेतातला वापर बंद केला.

आणि हो, पाळीव मधमाश्यांच्या पेट्या ठेवणं हा यावरचा उपाय नव्हे. फुलं कमी असतील तर त्या रानमाश्यांच्याच तोंडचा घास पळवतात.