गव्हर्नर म्हणजे राज्यपाल नव्हे: एका अभ्यासकाला पत्र

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. फिलिपीन्सचा नेता सर्जिओ ओस्मेन्या याच्यावरचा तुझा मसुदा वाचला. मेहनत दिसते, पण दुसऱ्याच पानावर 'सेबूचे राज्यपाल' (सेबू हा तिथला प्रांत) असं लिहून बसला आहेस. तो शब्द आधी काढ. फिलिपीन्समधला तेव्हाचा प्रांत आपल्या जिल्ह्याएवढा, आणि त्याचा गव्हर्नर तीन जणांच्या प्रांतिक मंडळाचा प्रमुख. 1901च्या 83 क्रमांकाच्या कायद्याने ही रचना केली. तिजोरी खजिनदाराच्या हातात, आणि तो मनिलाहून, म्हणजे तिथल्या अमेरिकन वसाहती सरकारकडून नेमलेला, बहुतेकदा अमेरिकन. 'गव्हर्नर'च लिही आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात उलगडून सांग. 'प्रेसिदेंते'चाही असाच घोटाळा होतो: तो गावाचा नगराध्यक्ष, देशाचा अध्यक्ष नव्हे.

'1906 साली जनतेने निवडून दिलं' हे वाक्यही चुकलं आहे. 1907च्या निवडणूक कायद्यापूर्वी गव्हर्नर निवडत ते प्रांतातल्या गावांचे नगरसेवक, एकत्र जमून. वर मनिलाची मंजुरी लागे. त्या नगरसेवकांना मत देणारेही मूठभरच. पुरुष, वय 23 पूर्ण, गावात सहा महिने वास्तव्य, आणि शिवाय तीनपैकी एक अट: स्पॅनिश अमदानीत गावपातळीवरचं पद भूषवलेलं, किंवा 500 पेसोंची स्थावर मालमत्ता (नाहीतर वर्षाला 30 पेसो कर), किंवा इंग्रजी वा स्पॅनिश लिहिता-वाचता येणं. सेबुआनो, म्हणजे सेबूची भाषा, उत्तम लिहिणारा पण जुनं पद वा मालमत्ता नसलेला माणूस मतदारच नाही. पेसोचा भाव तेव्हा, 1903पासून, दोनास एक डॉलर होता. आकडे बदलून लिहिताना गफलत इथेच होते.

आता खरा मुद्दा. ओस्मेन्या आणि पुढे फिलिपीन्सचा अध्यक्ष झालेला मानुएल केझॉन दोघंही 1878चे, जन्मात तीन आठवड्यांचं अंतर. दोघं 1903 साली वकिलीची परीक्षा पास झाले आणि लवकरच 'फिस्काल', म्हणजे प्रांताचे सरकारी वकील, झाले. हे पद तू एका ओळीत उरकलं आहेस. तिथे दोन पानं दे. फिस्काल फक्त खटले चालवत नसे, तो गावांच्या कारभाऱ्यांचा कायदेशीर सल्लागारही असे. ठराव कायद्यात बसतो का, अमुक कर लावता येईल का, असल्या शंका गावोगावचे लोक त्याच्याकडे पाठवत. दोन-तीन वर्षांत त्याला प्रांतभरच्या नगरसेवकांची नावं, भांडणं, नातीगोती पाठ होत, आणि मतं नेमकी त्यांचीच! केझॉन तर फिस्कालपद सोडल्यावर आधी तायाबास प्रांतातल्या लुसेना गावाचा नगरसेवक झाला आणि मग 1906 साली त्याच प्रांताचा गव्हर्नर. ओस्मेन्याची पायरी वेगळी. सेबूत 'एल नुएवो दिया' हे वृत्तपत्र त्याने आधीच चालवलं होतं, आणि 1904 साली गव्हर्नर हुआन क्लिमाको अमेरिकेत सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनाला गेले तेव्हा हंगामी कारभार त्याच्याकडे आला.

अमेरिकनांच्या मर्जीचा भाग टाळू नकोस, फुगवूही नकोस. केझॉनच्या पाठीशी कॉन्स्टॅब्युलरीचा, म्हणजे तिथल्या सशस्त्र पोलीस दलाचा, अधिकारी हॅरी बँडहोल्ट्झ होता, जो स्वतः 1902 साली तायाबासचा गव्हर्नर म्हणून निवडून आला होता. पण नुसत्या मर्जीवर ठिकठिकाणच्या नगरसेवकांची मतं पडत नाहीत.

नावांचं एक सांगतो, कारण सूची चाळताना तास वाया जातात. 'केझॉन इ मोलिना' यातलं मोलिना आईचं आडनाव. 'म'खाली शोधशील तर हाती काही लागायचं नाही. आणि तायाबास प्रांत आजच्या नकाशावर केझॉन या नावाने आहे.

30 जुलै 1907च्या असेंब्लीच्या, म्हणजे फिलिपीन्सच्या निवडून आलेल्या विधानसभेच्या, निवडणुकीवर थोडक्यात लिहिलंस तरी चालेल: 80 जागा, ओस्मेन्या सभापती, केझॉन बहुमतवाल्यांचा सभागृहनेता. ते सगळीकडे सापडतं. 1903 ते 1906 कुणी नीट लिहीत नाही.

पुढचा मसुदा पाठवण्याआधी एक तक्ता कर: वर्ष, पद, नेमणूक की निवड, मत कोणाचं, मंजुरी कोणाची. चौथा रकाना भरताना जिथे अडशील, तेवढंच मला विचार.

तुझा,
मार्गदर्शक