“त्याला एखाद्या सेवाकार्यात गुंतवू का?”

गेल्या आठवड्यात सोलापुरातल्या अक्कलकोट रोडवरून एक आई आल्या होत्या. मुलगा २६ वर्षांचा. मोटरसायकलवरून पडून मणका मोडला, कमरेखाली काही कळत नाही. आठ महिने झाले. “दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडतो. माझा आता काय उपयोग, म्हणतो. एखाद्या संस्थेत सेवेला लावलं तर मन रमेल का हो मॅडम?”

हा प्रश्न मला बरेच पालक विचारतात. मी त्यांना अण्णांची गोष्ट सांगितली. अण्णांना विचारून, ओळख पटेल असं सगळं बदलून इथं लिहिते.

अण्णा शहराच्या पूर्वभागातल्या टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे. नुसत्या खडखडाटावरून मागाचं दुखणं ओळखणारा माणूस. पत्रे बदलताना वरून पडले आणि पाठीच्या खालच्या भागातल्या डी-१२ मणक्याला मार लागला. नातेवाईक येऊन त्यांना मुरलीकांत पेटकरांची गोष्ट ऐकवायचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, तरी १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं! माणूस थोरच. पण ते ऐकून अण्णांना काय वाटायचं? “मला लघवीची नळी बदलायची म्हटलं की रडू येतं. मी तर अगदीच फुकट.”

मी सेवेचं नावही काढलं नाही. सरळ विचारलं, “अण्णा, मरून जावं असं वाटतं का?” बऱ्याच वेळानं ‘होय’ म्हणाले. पुढची सगळी दुपार त्यातच गेली. मग मानसोपचारतज्ज्ञांची औषधं सुरू झाली, गोळ्यांचा डबा वहिनींच्या ताब्यात गेला आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर कपाटावर मोठ्या अक्षरात लागला. असं विचारल्यानं मनात नसलेला विचार भरवला जातो, ही भीती घरच्यांनी काढून टाकावी.

नंतरचे दोन महिने शरीराचे होते. बेडसोर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, झाला होता, लघवीच्या संसर्गानं सारखा ताप यायचा. अंगात ताप असताना आयुष्याचा अर्थ शोधायला कुणाला सांगायचं? दर दोन तासांनी कूस बदलायची, खुर्चीत असताना दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायचं, रोज आरशात पाठ बघायची. ताप गेला, झोप लागू लागली आणि अण्णा वहिनींशी भांडू लागले. मला फार बरं वाटलं.

त्यांची स्वतःची व्हीलचेअर एका बाजूला ओढायची. एक दिवस कान देऊन म्हणाले, “पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलंय.” पाना मागवला आणि पाटावर सामान मांडून स्वतःच दुरुस्त केली. पुढं फिजिओथेरपिस्टनं आणखी एकाची खुर्ची पाठवली, मग आणखी एक. दान मिळालेल्या कितीतरी खुर्च्या घराघरांत गंजत पडतात. देताना फोटो निघतो, पण ब्रेक सैल झाला की बघायला कुणी नसतं. अण्णा हे काम फुकट करतात, मालाचे पैसे तेवढे घेतात. खुर्ची न्यायला आलेल्या माणसाला आधी विचारतात, “खाली गादी कसली घालता? आरसा आहे का घरात?”

सगळं सुरळीत झालं असं नाही. उत्साहात तासन्‌तास बसून राहिले आणि जखम परत उघडली. तीन आठवडे पालथे. तेव्हापासून आठवड्याला दोनच खुर्च्या, हा नियम वहिनींचा. एका मंडळानं शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, तर आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. “त्यांना माझी दया येत होती मॅडम. खुर्ची घेऊन येणाऱ्याला येत नाही, त्याला घाई असते.” त्या घाईनं त्यांना जे दिलं, ते मी कितीही बोलून देऊ शकले नसते. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आली की अजून उदास होतात. पूर्वी गर्दीतून नंदीध्वजांसोबत चालायचे. त्या दिवसांत मी फक्त जाऊन बसते.

हे ऐकून त्या आई म्हणाल्या, “पण माझ्या पोराला असं काही येत नाही.”

मी विचारलं, “त्याची गाडी कुठं आहे?”

“अंगणात. चादर टाकून ठेवलीय. इकू देत नाही.”

“विकू नका. आधी त्याची पाठ डॉक्टरांना दाखवा, कुठं जखम नाही ना ते बघू द्या. आणि एखाद्या संध्याकाळी गाडीवरची चादर काढून त्याला विचारा, ही चालू होईल का रे?”

त्यांनी पदरानं डोळे पुसले. “त्याचा मित्र रोज येतो, बाहेरूनच जातो. त्यालाही बोलवू का?”

“बोलवा,” मी म्हटलं. “पाना धरायला कुणीतरी लागेलच.”