बुडबुडे कुठे जातात?

प्रश्न : ग्रँड आयलंडजवळ १० मीटर खोलीवर स्कूबा करताना माझा प्रत्येक उच्छ्वास बुडबुड्यांनी वर जात होता. अंतराळवीरही श्वास असाच बाहेर सोडतात का? – एक वाचक, वास्को

उत्तर : नाही. तुमच्या उच्छ्वासात बराच ऑक्सिजन शिल्लक होता आणि तो पाण्यात वाया गेला. अंतराळवीराच्या पोशाखात मात्र तोच वायू फिरत राहतो, त्यातला कार्बन डायऑक्साइड एका डब्यात शोषला जातो आणि खर्च झालेला ऑक्सिजन तेवढा टाकीतून भरला जातो. 'रीब्रीदर' वापरणारे पाणबुडे असाच श्वास घेतात. खरा फरक दाबाचा आहे. तुम्ही समुद्रसपाटीच्या सुमारे दुप्पट दाबाची हवा घेत होता, तर त्या पोशाखातल्या ऑक्सिजनचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ०.३ ते ०.४ पट असतो. म्हणूनच रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा जो धोका तुम्हाला वर येताना असतो, तो त्यांना यानातल्या जास्त दाबातून बाहेर पडतानाच असतो, आणि तो टाळण्यासाठी ते आधी बराच वेळ शुद्ध ऑक्सिजनवर राहतात.