किल्पेकची गढी आणि तिच्या पायथ्याचे चर्च

प्रश्न : कन्येकडे इंग्लंडमधील हेरेफर्डला गेले असता जवळचे किल्पेक हे गाव पाहिले. तेथील ‘किल्ला’ म्हणजे मातीच्या उंचवट्यावरच्या पडक्या भिंतींचे दोन तुकडे निघाले; शेजारचे चर्च मात्र शिल्पांनी भरलेले होते. हा कसला किल्ला? आणि ‘पॅरिश’ म्हणजे गाव की चर्चचा विभाग?
– एक वाचिका, मिरज

उत्तर : आपली निराशा ‘किल्ला’ या शब्दामुळे झाली असावी, ‘गढी’ म्हटले असते तर ती झाली नसती. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर वेल्सच्या सीमेवर त्यांच्या सरदारांनी मातीचे उंच ढीग रचून त्यांवर ठाणी उभारली. १०८६ च्या राजदप्तरात किल्पेक विल्यम फिट्झ नॉर्मन याच्याकडे असल्याची नोंद आहे. आपण पाहिलेल्या भिंती त्या उंचवट्यावर पुढे बांधलेल्या दगडी कोटाच्या आहेत.

चर्च सुमारे ११४० चे, तांबूस वालुकाश्माचे. त्याच्या दक्षिण दारावर द्राक्षांनी लगडलेला वृक्ष, खांबांवर वेलींत गुंतलेले विजारधारी योद्धे आणि एकमेकांना गिळणारे सर्प आहेत. छताखाली भिंतीभोवती ऐंशीहून अधिक कोरीव मुखवटे, प्राणी आणि आकृत्या असून त्यांतील कुत्रा आणि ससा यांची जोडी एखाद्या आधुनिक व्यंगचित्रातली वाटावी इतकी गोड आहे. त्याच रांगेत ‘शीला-ना-गिग’ ही उघडीवाघडी स्त्रीमूर्ती आहे. तिला कोणी पापाविरुद्धचा इशारा मानतात, कोणी दृष्ट टाळणारी खूण. माझा कौल दुसऱ्या मताला, पण पुरावा कोणाच्याच हाती नाही. गढी आणि चर्च शेजारी असण्याचे कारण साधे आहे : जहागीरदाराने स्वतःच्या निवासाजवळच प्रार्थनास्थळ बांधले. त्यांच्या बाजूच्या कुरणातील उंचसखल जमीन म्हणजे उठून गेलेल्या मध्ययुगीन वस्तीच्या खुणा. त्या आपल्या नजरेतून सुटल्या असतील.

‘पॅरिश’ मुळात एका चर्चच्या पाळकाच्या देखरेखीखालील प्रदेश. १५३८ पासून तेथे बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवण्याचा हुकूम झाला, तर १६०१ च्या कायद्याने गोरगरिबांच्या पोषणाचा भारही पॅरिशवर आला. अशी ऐहिक कामे वाढत गेल्यावर अखेर १८९४ च्या कायद्याने ग्रामीण भागात निवडून आलेली पॅरिश कौन्सिले स्थापली, आणि त्यांचा कारभार चर्चपासून वेगळा झाला. त्यामुळे आज एकाच नावाच्या दोन पॅरिश असू शकतात, एक पाळकाची आणि एक कौन्सिलची, आणि त्यांच्या सीमा जुळतीलच असे नाही.