सफरचंद, पीच आणि आपला डोंगरउतार: कोल्हापूरच्या शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तर

यंदा सगळ्यात जास्त विचारणा झाली ती सफरचंदाची. शाहूवाडीच्या एका दादांनी विचारलंय, "उसाचं खोडवं मोडून दोन एकर सफरचंद लावतोय, जात कुठली घेऊ?" पन्हाळ्याच्या ताईंच्या मुलानं बाजारातल्या सफरचंदाची बी कुंडीत लावली, ती उगवली, त्याला फळ कधी येईल, असा त्यांचा प्रश्न. आजऱ्याहून पीचबद्दल विचारलंय. शिरोळच्या बंधूंना आपल्या काळ्या रानात यातलं काय येईल ते हवंय.

शाहूवाडीच्या दादांना उत्तर आधी देतो, कारण मागून सांगतो. दोन एकर लावू नका. बांधाला किंवा परड्यात दहा-पंधरा झाडं लावा, तीन-चार वर्षं नीट सांभाळा, मग पुढचं ठरवा.

कारण या झाडाच्या जन्मगावात आहे. सफरचंदाचा रानटी पूर्वज मध्य आशियातल्या तिएन शान पर्वतात आजही उभा आहे. कझाकस्तानातल्या अल्माटी शहराभोवतीच्या डोंगरांत त्याची रानं आहेत. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव १९२९ मध्ये तिथं गेले. बारक्या आंबट फळांपासून खाण्याजोग्या मोठ्या फळांपर्यंत सगळी तऱ्हा त्या एकाच मुलखातल्या रानात पाहून, सफरचंदाचं मूळ इथंच असं त्यांनी मांडलं. २०१० मध्ये सफरचंदाचा जनुकीय आराखडा उलगडला तेव्हा त्याला दुजोरा मिळाला. तिथून व्यापारी तांड्यांबरोबर ते पश्चिमेला गेलं आणि वाटेत युरोपातल्या रानसफरचंदाशी त्याचा संकर होत गेला.

तिएन शानचा हिवाळा कडक. भर थंडीत चार दिवस ऊन पडलं म्हणून डोळा फुटला, तर पुढच्या बर्फात तो जळणार. जी झाडं अशी फसत नव्हती तीच टिकली. पानं गाळायची, झोपायचं आणि ठराविक तास थंडी अंगावरून गेल्याशिवाय डोळा फोडायचा नाही, हा स्वभाव त्यातून पक्का झाला. शास्त्रज्ञ ढोबळमानानं ७ अंश सेल्सिअसखालचे तास मोजतात. रेड डिलिशससारख्या जातीला असे ८०० ते १२०० तास लागतात. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा सहसा १४-१५ अंशांच्या आसपास असतो. थंडी पुरली नाही की झाड मरत नाही, पण गोंधळतं. शेंड्याचे दोन-चार डोळे फुटतात, खालची फांदी बोडकी राहते, फुलं महिनाभर मागंपुढं येतात आणि परागीभवन जुळत नाही. "झाड हिरवंगार आहे, पण फळ नाही" ही तक्रार बहुतेक वेळा हीच असते. खत वाढवून ती सुटत नाही.

मग कमी थंडीच्या जाती. अ‍ॅना ही इस्रायलमध्ये तयार झालेली, डॉर्सेट गोल्डन बहामा बेटांवर सापडलेली, आणि एचआरएमएन-९९ हिमाचलमधल्या बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी निवडलेली. लावायचं तर यांतूनच लावा. पण अ‍ॅनालासुद्धा २५०-३०० तास थंडी लागते असं धरतात, आणि तेवढीही आपल्या शिवारात नाही. तरी काही परड्यांतल्या झाडांना फळ धरलेलं मी पाहिलंय. कसं, ते समजून घ्यायला शेजारच्या सांगली जिल्ह्यात बघू.

द्राक्षवेल मुळात हिवाळ्यात पानं गाळणारीच. पश्चिम आशिया आणि कॉकेशसच्या दक्षिणेकडं ती माणसाळली. तासगाव-मिरजेत मात्र ती झोपतच नाही. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून पेस्टिंग, म्हणजे डोळ्यांना औषध लावणं, अशा शिस्तीनं आपल्या शेतकऱ्यांनी तिला दख्खनच्या हवेत बसवलं. सफरचंदाचंही असंच उदाहरण आहे. इंडोनेशियात पूर्व जावातल्या बाटू परिसरात, विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम आठ अंशांवर, सफरचंद पिकतं. तिथले बागायतदार तोडणीनंतर झाडाची सगळी पानं हातानं काढतात. डोळे गाढ झोपेत जायच्या आतच पानं गेली की ते पुन्हा फुटतात, आणि वर्षात दोन पिकं घेता येतात. बाटू उंचावर आहे, तिथली हवा आपल्याहून थंड, हे मात्र विसरू नका.

डाळिंबाला किंवा पेरूला बहार धरणाऱ्याला ही गोष्ट परकी वाटणार नाही. कोल्हापुरात करायचं तर नोव्हेंबरच्या शेवटी पाणी तोडा. हलक्या रानात ताण लवकर बसतो, भारी रानात उशिरा, तेव्हा झाडाकडं बघून ठरवा. डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पानं हातानं काढा. सुकलेल्या आणि आत वळलेल्या काड्या छाटा, कापांना बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा आणि शेणखत घालून हलकं पाणी सुरू करा. द्राक्षाच्या पेस्टिंगचं औषध घरात आहे म्हणून सफरचंदाला लावू नका. ते विषारी आहे आणि मात्रा चुकली तर डोळे जळतात. जानेवारी-फेब्रुवारीत फूल आलं तर तीन-चार महिन्यांत फळ तयार होतं. इथं घाई करायला हवी, कारण जूनचा पाऊस पक्व फळावर पडला की सड लागते. एप्रिल-मेच्या उन्हात फळाची उघडी बाजू भाजते, म्हणून पश्चिमेकडच्या फांद्या फार विरळ करू नका. अ‍ॅनाजवळ डॉर्सेट गोल्डन हवंच. एकट्या अ‍ॅनाला फळधारणा कमी होते.

बाजाराचंही बोलायला हवं. या जातींचं फळ काश्मिरी मालासारखं महिनोन्महिने टिकत नाही, काढलं की विकावं लागतं. ज्या रानात ऊस हुकमी येतो तिथं अशा फळावर घरखर्च टांगू नका.

आता पन्हाळ्याच्या ताईंचा प्रश्न. मुलाचं रोप मोडू नका, पण त्याच्याकडून तसंच फळ येईल अशी आशा धरू नका. सफरचंदाला परक्या झाडाचा पराग लागतो, त्यामुळं प्रत्येक बी नवाच संकर असते. एकाच फळातल्या पाच बियांची पाच वेगळी झाडं होतात, बहुतेक आंबट आणि बारक्या फळांची. आपण उसाच्या को-८६०३२ जातीचं बेणं लावतो, बी पेरत नाही, त्याचं कारण हेच. जगातलं प्रत्येक रेड डिलिशस हे अमेरिकेत आयोवा राज्यात जेसी हायट यांच्या बागेत एकोणिसाव्या शतकात आपसूक उगवलेल्या एका झाडाचं कलम आहे. तीच जात सॅम्युअल स्टोक्स यांनी १९१६ च्या सुमारास सिमल्याजवळच्या कोटगढला आणली, आणि हिमाचलच्या सफरचंदाचा आजचा पसारा बराचसा तिथून उभा राहिला.

या कलमाच्या अडचणीमुळंच सफरचंद माणसाच्या बागेत उशिरा आलं. अंजीर, द्राक्ष, डाळिंब यांची फांदी रोवली तरी मुळं धरते, म्हणून पश्चिम आशियात ती आधी माणसाळली. सफरचंद, नाशपातीची काडी सहसा तशी लागत नाही. त्यांना दुसऱ्याच्या खुंटावर, म्हणजे मुळं असलेल्या दुसऱ्या रोपावर, बसवायची विद्या यावी लागली. ग्रीक अभ्यासक थिओफ्रॅस्टस यांनी इसवीसनापूर्वी ३०० च्या सुमारास कलमाबद्दल लिहून ठेवलंय, म्हणजे तोवर ती नक्की आली होती. मुलाला सांगा, रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की हिवाळ्यात त्यावर अ‍ॅनाची काडी जिभली कलमानं (दोघांना जिभेसारखा काप देऊन) बांधू. त्याचं झाड वाया जाणार नाही.

रोपं विकत घेताना खुंट कुठला ते विचाराच. नर्सरीवाल्याला सांगता येत नसेल तर तिथून घेऊ नका. एमएम-१११ खुंट आपल्याला बरा: ऊन आणि पाण्याचा ताण सोसतो, लोकरी मावा या किडीला दाद देत नाही. एम-९ वर झाड बुटकं आणि लवकर फळणारं होतं खरं, पण मुळं उथळ, आधाराशिवाय उभं राहत नाही. लावताना कलमाचा सांधा जमिनीच्या वर वीतभर ठेवा, तो मातीत गाडला तर वरच्या जातीलाच मुळं फुटतात. उत्तरेकडून उघड्या मुळांची रोपं जानेवारीत येतात. मुळं वाळायच्या आत लावा आणि पहिल्या उन्हाळ्यात शेडनेटची सावली द्या. पहिली दोन वर्षं आलेली फुलं खुडून टाका. जीवावर येतं, पण खुडा.

आजऱ्याच्या दादांनी पीचचं विचारलं, ते मला सफरचंदापेक्षा बरं वाटतं. पीच मूळचं चीनमधलं. यांगत्से नदीच्या खालच्या खोऱ्यात हजारो वर्षांपूर्वीच्या कोयी सापडल्या आहेत आणि काळानुसार त्या मोठ्या होत गेलेल्या दिसतात, म्हणजे माणूस निवड करत होता. बहुतेक जातींना परक्या परागाची गरज नाही आणि तिसऱ्या वर्षापासून फळ मिळतं. फ्लोरिडा प्रिन्ससारख्या जातीला सुमारे १५० तास थंडी पुरते आणि पंजाबात ती एप्रिलातच तयार होते. पावसाआधी काढणीची तीच आपली संधी. फळ गेल्या वर्षीच्या काडीवर येतं, म्हणून छाटणी दरवर्षी आणि सढळ हातानं करा. आजऱ्याची लाल जांभी माती निचऱ्याची आहे, पण मुळाशी आठवडाभर पाणी साचलं की पीच गेलंच. उताराला गादीवाफे काढा, घाटाच्या तोंडाशी लावू नका. गगनबावड्यासारख्या अतिपावसाच्या गावांनी यातलं काहीही लावू नये.

शिरोळच्या बंधूंनो, नदीकाठच्या काळ्या रानात सफरचंद नाही आणि पीचही नाही. निचरा कमी, त्यात कित्येक ठिकाणी क्षार वर आलेले. आधी माती परीक्षण करून सामू (पीएच) आणि क्षारता बघा. पूर न येणारा माळाचा तुकडा असेल तर अंजीर लावून बघा. त्याला थंडीचे तास जवळजवळ लागत नाहीत, थोडा क्षार ते सोसतं, आणि पुरंदरच्या शेतकऱ्यांनी खट्टा आणि मीठा असे दोन बहार धरून ते पीक नीट बसवलंय. तुम्ही मीठा बहारच धरा. पावसाळी हवेत पानांवर तांबेरा येतो आणि खट्टा बहाराचं फळ पिचपिचीत होतं. पुरंदरची पूना अंजीर जात घ्या, सोळा फुटांवर खड्डे मे महिन्यात तापू द्या. माती परीक्षणाचा कागद आला की घेऊन या, खताची मात्रा त्यावरून लिहून देतो.