‘कष्टी’ आई आणि ‘कष्टाळू’ आई

बेंगळुरूत राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांची दहा वर्षांची लेक घरीच मराठी लिहायला शिकते. ‘माझी आई’ या निबंधात तिने लिहिलं, “माझी आई फार कष्टी आहे.” तिला म्हणायचं होतं की आई दिवसभर काम करते. ताईंनी ‘कष्टाळू’ अशी दुरुस्ती केली, तर लेक म्हणाली, एकाच ‘कष्ट’पासून एक शब्द रडका आणि एक कौतुकाचा, असं का? ताईंनी त्याला आपलाही प्रश्न जोडला: ‘आधी कष्ट मग फळ’ म्हणणाऱ्या रामदासांच्या मनात यांतला कोणता कष्ट होता? आणि बाकीच्या कवींच्या?

लेकीचा प्रश्न आधी घेतो, कारण तो जास्त अवघड आहे.

संस्कृतात ‘कष्ट’ म्हणजे त्रास, दुःख, वाईट अवस्था. नाटकातलं पात्र ‘कष्टम्!’ म्हणून उसासा टाकतं, तेव्हा ते ‘अरेरे’ म्हणत असतं. कामाचा तिथे संबंध नसतो. धातू ‘कष्’, म्हणजे घासणं, खरडणं. पाणिनीने या धातूपासून ‘कष्ट’ हे रूप कोणत्या अर्थांनी होतं ते सूत्रातच सांगून टाकलं आहे: ‘कृच्छ्रगहनयोः कषः’. कृच्छ्र म्हणजे पीडा, गहन म्हणजे जिथे शिरता येत नाही असं. मेहनत या दोन्हींत नाही. याच धातूचा ‘कष’ म्हणजे सोनं घासून पाहायचा दगड, आणि त्यावरून आपला ‘कस’ आणि ‘कसोटी’. म्हणजे कष्ट आणि कसोटी ही सख्खी भावंडं.

मराठीने काय केलं, तर या दुःखाला ‘करणे’ हे क्रियापद जोडलं. ‘तो कष्ट करतो.’ हिंदीत ‘आपको कष्ट हुआ’ चालतं, पण शेतात राबणाऱ्या माणसाला ‘मेहनत करता है’ म्हणतात. ताई, तुमच्या आजूबाजूच्या कन्नडमध्ये ‘तुंबा कष्ट’ म्हणजे फार अवघड. ‘कष्टपट्टु’ म्हणजे मेहनतीने, पण त्यातही ‘पडु’ आहे. कष्ट तिथे सोसले जातात. मराठीत ते केले जातात, घेतले जातात, उपसलेही जातात. दुःख अंगावर येतं. ते ‘करायला’ लागलात की त्याचं काम होतं.

जुना अर्थ मात्र गेला नाही. ‘कष्टी’ हा ‘सुखी’, ‘दुःखी’ यांच्या रांगेतला शब्द: ज्याच्याजवळ कष्ट आहे तो, म्हणून खिन्न. ‘कष्टाळू’ हा ‘दयाळू’, ‘झोपाळू’, ‘लाजाळू’ यांच्या रांगेतला. ‘आळू’ लागला की स्वभाव कळतो. झोपाळूला झोप आवडते, तशी कष्टाळूला कष्टांची ओढ असते. प्रत्यय बदलला आणि भोगणारा माणूस करणारा झाला. लेकीला एवढं पुरे.

एक गंमत सांगून पुढे जातो. मराठीने कामासाठी परके शब्द घेतले तेही दुखरेच निघाले. ‘मेहनत’ अरबी ‘मिहना’वरून, फारसीमार्गे आली, मूळ अर्थ संकट, परीक्षा. पुन्हा कसोटीच! शेताची ‘मशागत’ हीसुद्धा अरबी ‘मशक्कत’, म्हणजे हालअपेष्टा. आज मशागत जमिनीची होते, आणि तालमीतला पैलवान मेहनत करतो म्हणजे जोर-बैठका काढतो. दोन्हीकडे वेदना विसरली गेली, ‘कष्ट’मध्ये ती शिल्लक राहिली. आणि ‘खपणे’ पाहा: माणूस दिवसभर खपतो, बाजारात माल खपतो, आणि शेवटी माणूसही खपतो. एवढं निर्दय क्रियापद आपण किती सहज वापरतो!

आता कवी. कवी कष्टांना चांगलं म्हणतो की वाईट, हे नुसतं शब्दावरून कळत नाही. वाक्याची बांधणी बघावी लागते. माझं मत असं की मराठी कवींचं कष्टांशी असलेलं नातं त्यांच्या व्याकरणात जास्त स्वच्छ दिसतं.

रामदास दासबोधात म्हणतात, ‘आधी कष्ट मग फळ । कष्टचि नाही ते निर्फळ । साक्षेपेविण केवळ । वृथापुष्ट ॥’ बांधणी आहे ‘आधी… मग’. हा सरळ व्यवहार झाला. आधी मोजा, मग घ्या. पण यातला कष्ट मेहनत की वेदना? उत्तर त्यांच्याच दुसऱ्या ओवीत आहे: ‘साक्षेप करिता कष्टती । परंतु पुढे सुरवाडती’. सुरवाडणे म्हणजे सुखावणे. ‘कष्टती’च्या समोर ‘सुरवाडती’ ठेवलंय, म्हणजे कष्टणे हे सुखाच्या उलट टोकाला आहे, आणि मधे ‘परंतु’ आहे. कामाला रामदासांचा स्वतःचा शब्द निराळाच, ‘साक्षेप’. (आज तो ‘साक्षेपी संपादक’ असल्या मोजक्या जोड्यांत तग धरून आहे.) साक्षेप हे काम, आणि कष्ट ही त्या कामाची किंमत. तेव्हा ताई, रामदासांचा कष्ट तुमच्या लेकीच्या ‘कष्टी’च्या बराच जवळ आहे. काम गोड असतं अशी थाप ते मारत नाहीत. दुखेल म्हणतात, आणि तरी करा म्हणतात. आपण ती ओळ सुविचाराच्या फळ्यावर लिहून गुळगुळीत केली. ‘वृथापुष्ट’ हा फर्मास शब्द तर फळ्यावर येतच नाही. फुकटचा फुगलेला!

त्यांच्याच काळातले तुकाराम ‘सायास’ हा शब्द वापरतात. एका ठिकाणी ‘असाध्य ते साध्य करिता सायास । कारण अभ्यास तुका म्हणे’, आणि दुसरीकडे ‘नलगे सायास जावे वनांतरा । सुखे येतो घरा नारायण’. एक कवी, एक शब्द, एकदा सायास हवेत आणि एकदा नकोत. यात विसंगती शोधणाऱ्यांनी दुसरी ओळ नीट वाचावी. नको आहे ती वनात जाण्याची दगदग, घर सोडून केलेला देखावा. अभ्यासाचे सायास त्यांना हवेच आहेत. ‘सायास’च्या पोटात ‘आयास’ आहे. मराठीत नुसता आयास फारसा भेटत नाही, ‘अनायासे’ मात्र रोज भेटतो. न केलेले श्रम आपल्या जिभेवर जास्त, यावर काय बोलायचं!

जनाबाईंकडे आलात की ‘आधी-मग’ गळूनच पडतं. ‘दळिता कांडिता । तुज गाईन अनंता’. ‘ता’ प्रत्ययाचं हे रूप एकाच वेळी चाललेल्या दोन क्रिया सांगतं. दळण संपवून गाईन असं नाही, दळल्याबद्दल काही मिळेल असंही नाही. जातं फिरतंय तेव्हाच गाणं चाललंय. नामदेवांच्या घरची ही दासी; दळण-कांडण, झाडलोट हे तिच्या वाट्याचं काम. ‘झाडलोट करी जनी । केर भरी चक्रपाणी’ या ओळीत ती स्वतःला तृतीय पुरुषात ठेवते आणि देवाला कामाला लावते. केराची पाटी देवाच्या डोक्यावर! या ओळींत कष्ट हा शब्द नाही, नुसती क्रियापदं आहेत. खऱ्या कामाला सामान्यनाम लागत नाही, असं मला इथे वाटतं; ‘कष्ट’ हा शब्द बहुधा थोडं लांब उभं राहून कामाकडे बघणाऱ्याचा. अर्थात याला भक्तीचा गोडवा म्हणून डोक्यावर घेणारेही फार आहेत. दासीचं दळण गोड करून सांगण्यात तिच्या मालकांचीही सोय असते, हे विसरू नये.

अरणचे सावता माळी तर क्रियापदही ठेवत नाहीत. ‘कांदा मुळा भाजी । अवघी विठाबाई माझी’. हे समीकरण झालं. भाजी पिकवली म्हणून देव भेटला असं इथे नाही. भाजी हीच विठाबाई.

मग बहिणाबाई चौधरी. जळगावजवळच्या आसोद्याच्या, 1880 सालचा जन्म, लिहिता-वाचता येत नव्हतं. गाणी मुलाने टिपून ठेवली म्हणून 1952 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभराने, ती छापली गेली. ‘आधी हाताला चटके, तव्हा मिळते भाकर’. ही हुबेहूब रामदासांची बांधणी: आधी… तव्हा. फरक नामांत आहे. रामदासांचे ‘कष्ट’ आणि ‘फळ’ हे सगळ्यांना लागू पडणारे, म्हणून जरा हवेतले शब्द. बहिणाबाईंचा चटका बोटाच्या नेमक्या पेराला बसतो आणि फळ म्हणजे भाकर, गोल, तव्यावरची. शिवाय ज्या हाताला चटका बसतो त्याच हाताला भाकर मिळते असंही ती ओळ म्हणत नाही. भाकर ‘मिळते’. कुणाला, ते गुलदस्त्यात. घरात शेवटी जेवणाऱ्या बाईने केलेली ओळ आहे ही. मी तरी ती तशीच वाचतो.

‘आधी’ झालं पण ‘मग’ आलंच नाही, तर? तिथे नारायण सुर्वे उभे आहेत. ‘डोंगरी शेत माझं गं, मी बेनू किती? आलं वरीस राबून, मी मरावं किती?’ बेणणं म्हणजे शेतातलं तण काढणं, कुठे याला खुरपणी म्हणतात, कुठे निंदणी. ‘राबून’ हे ‘ऊन’ लागलेलं रूप पूर्ण झालेली क्रिया सांगतं, त्याच्यानंतर वाक्यात फळ यायला हवं: राबून पीक आलं, राबून घर बांधलं. सुर्वे तिथे ‘मरावं किती’ हा प्रश्न ठेवतात. रामदासांचं वाक्य अर्ध्यावर मोडलंय आणि ते मोडलेलं ऐकू येतं. आणि शब्दही कष्ट नाही, राबणे आहे. कष्ट माणूस स्वतःसाठीही करतो. राबण्यात बहुतेक वेळा वर कुणीतरी असतं. म्हणून ‘राबवून घेणे’ म्हणजे पिळणे. (सरकारही योजना ‘राबवतं’. योजनेची दया येते.)

याच सुर्व्यांची दुसरी ओळ, ‘कामगार आहे मी, तळपती तलवार आहे’. इथे प्रश्न नाही, दुःख नाही, सरळ ‘आहे’. ‘कामगार’ शब्द बघा: आपलं ‘काम’ आणि त्याला फारसी ‘गार’. हाच ‘गार’ गुन्हेगारातही आहे, आणि पुढच्याच ओळीत कवी सारस्वतांना, म्हणजे साहित्यिकांना, सांगतो की मी थोडासा गुन्हा करणार आहे! हे जाणूनबुजून साधलेलं आहे की आपसूक झालं, याची मला पर्वा नाही; झकास झालंय. सुर्व्यांच्या कितीतरी आधी केशवसुतांनी ‘मजुरावर उपासमारीची पाळी’ लिहिली होती. तिथे मजुराला काम करायचंय आणि कामच नाही. कष्टांची महती सांगणाऱ्यांच्या गावी नसलेली ही अवस्था.

मर्ढेकर आणखी तिसरीकडे नेतात. ‘सकाळी उठोनी । चहा-कॉफी घ्यावी । तशीच गाठावी । वीजगाडी ॥’ छंद अभंगाचा, क्रियापदं ‘घ्यावी’, ‘गाठावी’ अशी संतांच्या उपदेशाची. संत ज्या सुरात ‘नाम घ्यावे’ म्हणतात, त्या सुरात हा लोकल पकडा म्हणतो. घाम नाही, चटका नाही, जातं नाही. तरी माणूस झिजतोच आहे. या झिजण्याला त्या ओळींत नाव दिलेलं नाही, आणि नाव नसणं हीच तिथली बोच आहे.

‘श्रम’ राहिलाच. तो मला जरा खुर्चीत बसलेला शब्द वाटतो: श्रमदान, श्रमप्रतिष्ठा, श्रमिक. कष्टदान कुणी म्हणत नाही. मुळात ‘श्रम्’ म्हणजे दमणंसुद्धा. ‘न ऋते श्रान्तस्य सख्याय देवाः’ असं ऋग्वेद म्हणतो, तिथे देव मैत्री करतात ती दमलेल्याशी. पण मराठीत दमणं ‘श्रमणे’बरोबर मागे पडलं आणि ‘श्रम’ भाषणात गेला. क्रियापदांचीही अशीच उतरंड आहे. प्रमुख पाहुणे कष्ट ‘घेतात’, शेतकरी कष्ट ‘करतो’, आणि एकटीने पोरं वाढवणारी बाई कष्ट ‘उपसते’. पुण्यात हमालांच्या संघटनेने स्वस्त जेवणाची केंद्रं काढली तेव्हा नाव ठेवलं ‘कष्टाची भाकर’. ‘श्रमाची भाकर’ ठेवलं असतं तर ते एखाद्या खात्याचं उपाहारगृह वाटलं असतं.

आता निबंध. ‘कष्टकरी’ लिहू नका. तो वर्गाचा शब्द आहे, मजुरी करून पोट भरणाऱ्यांचा. ‘मेहनती’ चालेल. ‘कष्टाळू’ बरोबरच आहे. पण लेकीला खरंच नुसतं ‘आई खूप काम करते’ एवढंच म्हणायचं असेल, तर ‘कामसू’ हा शब्द शिकवा. तो थेट ‘काम’वरून आलाय, त्यात कुठे घासणं-खरडणं नाही, आणि हल्ली तो फारसा कानावर पडत नाही. फक्त निबंध लिहिताना तिने ‘कष्टी’ का लिहिलं, चुकून की बघून, हे एकदा तिलाच विचारा.